कमी केलेलं नाव

गुरुवार, ९ जानेवारी २०२५
दवाखाना, कोल्हापूर

सौ. स्वप्नाली हिस,

शालूबाई चौगले हिचं पत्र. अक्षर ओळखून लगेच फाडू नको. आधी वाच, मग काय फाडायचं ते फाड.

तुझा फोन लागत न्हाय. माझा नंबर तू बंद करून टाकलाईस, एवढं मला कळत न्हाय व्हय? तुझ्या तात्यांच्या फोनवरनं केला, तोबी लागला न्हाय. मग पोस्टात जाऊन पाकीट आणलं. तिथला माणूस माझ्या तोंडाकडं बघाय लागला, आजकाल पत्र कोण लिहितंय म्हणून. कोल्हापूर ते कबनूर एसटीनं एक तास, आणि तेवढ्यासाठी मी पाकीट चिकटवत बसलोय. हसू आलं तर हस.

तुझ्याकडं काय मागाय लिहीत न्हाय, हे पहिल्यांदा सांगतो.

तुझा भाऊ आजारी हाय. गणपतीच्या टायमाला ब्रश करताना हिरड्यांतनं रक्त यायचं. म्हटलं उष्णता झाली, कागलला कंपनीत भट्टीपाशी काम, दुसरं काय असणार. सब्जा दिला, गुलकंद दिला, डाळिंबाच्या सालीच्या गुळण्या कराय लावल्या. मग दंडावर काळेनिळे डाग उठले. कुणाबरोबर मारामारी केलीस म्हणून मी त्याला झाप झाप झापला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अंगणात चक्कर येऊन पडला. कोल्हापुरात आणला, आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. लिहिलं बघ एकदाचं. चार महिने झाले, अजून हा शब्द तोंडातनं बाहेर पडताना माझी जीभ जड होती.

तेवीस वर्षांचं पोर, केस सगळे गेले. सुया घालून घालून हात सुजलाय. तरी सिस्टरची चेष्टा करतो. ती सिस्टर नागपूरकडची हाय. मी आलो, मी गेलो असं बोलतो तर ती हसती. म्हणती, मावशी, बाई असून बाप्यासारखं काय बोलता? धैर्यशील म्हणतो, सिस्टर, आमच्या कोल्हापूरच्या बायका बाप्यांपेक्षा भारी असत्यात, म्हणून. त्यो हसला की खोकला येतो. खोकला आला की मी बाहेर जाऊन उभा राहतो.

गावानं लई केलं. उदयसिंहाला ओळखतीस न्हवं, आपल्या दूध संस्थेचा सेक्रेटरी? त्यानं मीटिंग बोलावली आणि ठराव झाला, की एका रविवारी सगळ्या गावानं एका वेळचं दूध धैर्यशीलच्या नावानं घालायचं. त्या सांजेला रांग पार मारुतीच्या देवळापर्यंत गेलती. ज्याच्या घरात दहा लिटर निघतं त्यानं दहा घातलं, ज्याचं दोन त्यानं दोन. शेजारची विमला, तिची एकुलती म्हैस आटलेली. तरी बाई रांगेत किटली घेऊन उभी. दुकानातनं पिशवीचं दूध विकत आणून किटलीत ओतलं होतं. मापावरचं पोरगं म्हटलं, काकू, ह्याला फॅट न्हाय. विमला म्हटली, फॅट बघू नको, नाव लिही.

वारणानगरच्या चौकात फ्लेक्सबी लावलाय. मोबाईलवर पैसे पाठवाय तो काळापांढरा चौकोन असतोय तोबी त्याच्यावर हाय. आसपासच्या गावांतनं मदत येती. तेव्हा आमचं चाललंय. तू काय पाठवू नको.

एक सहज विचारतो. तुझा रक्तगट कुठला? शाळेच्या कार्डावर होता, आता मला आठवंना. काय कारण न्हाय. उत्तर धाडायचं तर पत्ता मागं लिहिलाय, न्हाय धाडलंस तरी आमचं काय अडत न्हाय.

शालूबाई चौगले

शनिवार, २५ जानेवारी २०२५
घरातनं

स्वप्नाली,

काय गरज होती गं?

पैसे पाठवू नको म्हणून लिहिलंतं न्हवं? आणि पाठवायचे होते तर गप पाठवायचे. खाली ते वाक्य लिहायची काय गरज होती?

तुला म्हाईत न्हाय, म्हणून सांगतो काय झालं. शनिवारच्या शनिवारी उदयसिंह संस्थेच्या स्पीकरवरनं मदत करणाऱ्यांची नावं वाचतो. किती दिले ते वाचत न्हाय, नाव, गाव, आणि मोबाईलवर खाली कुणी काय लिहिलं असंल तर तेवढं. लवकर बरा हो भावा, अंबाबाई पाठीशी हाय, असलं असतंय. लोक दूध घालता घालता ऐकत्यात. आज सकाळी मी दवाखान्यातनं कपडे धुवाय आलतो, तर मीबी किटली घेऊन रांगेत होतो. त्यो वाचत होता, वाचत होता, आणि त्याच सुरात वाचून गेला, "स्वप्नाली वरद, कबनूर. एकुलत्या एकासाठी."

वाचून झाल्यावर त्याला कळलं काय वाचलं ते. स्पीकर चालूच होता, त्याचा घसा खाकरलेला सगळ्या गावाला ऐकू गेला. विमला माझ्याकडं बघाय लागली. मी किटली तिथंच ठेवली आणि घरला आलो. तात्या गोठ्यात होते, तिथंपर्यंत स्पीकर ऐकू येतोय. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते नुसते. मी म्हटलं, बघितलं न्हवं तुमच्या लेकीनं काय केलं? तर तू गेल्यापासनं पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला त्यांनी. म्हटले, लेकीनं केलं व्हय गं?

तुला लई लागलं असंल फ्लेक्सवरचं ते एकुलता एक वाचून. लागू दे. तूबी आम्हाला थोडं लावलंस व्हय? सुपारी फुटून आठ दिवस झालते. पावण्यांकडनं साड्या आलत्या. आणि तू इचलकरंजीला सुताच्या दुकानात कामाला जातो म्हणून गेलीस ती त्या वरदबरोबर लग्न लावूनच फोन केलास. आपल्यातला न्हाय, कुठला कोण, यंत्रमागावाल्याचं पोरगं. तुझे तात्या पावण्यांच्या दारात फेटा काढून उभे राहिले. मी बघितलंय ते. तुला काय, तू तिकडं.

रक्तगट लिहिला न्हाईसच.

दवाखान्यात परत निघालोय. एसटी आली.

शालूबाई

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५
दवाखाना

स्वप्नाली,

मागचं पत्र रागात धाडलं. आता खरं लिहितो. हे पत्र चार वेळा लिहाय घेतलं आणि चार वेळा कागद चुरगळला.

फ्लेक्सवर काय लिहायचं ते उदयसिंहानं मला विचारलंतं. त्यो म्हटला, काकू, गावातला होतकरू तरुण असं लिहू काय? मी म्हटलं, न्हाय, आई-वडिलांचा एकुलता एक आधार असं लिही. त्यो एकदा माझ्या तोंडाकडं बघितला, त्याला तू म्हाईत हाईस न्हवं. मी म्हटलं, लिही की. लिहिलं त्यानं. म्हणजे ते माझं काम. तात्यांचं न्हाय आणि उदयसिंहाचंबी न्हाय.

आणि त्याच्या आधीचं सांगतो. तू गेलीस त्याच्या आठव्या दिवशी मी पन्हाळ्याला तहसीलला गेलो आणि रेशनकार्डातनं तुझं नाव कमी केलं. लोकांच्या पोरी लग्न होऊन गेल्या तरी नाव चार-चार वर्षं तसंच असतंय, कुणी जात न्हाय. मी आठ दिवसांत गेलो. क्लार्कनं विचारलं, कारण काय लिहू, लग्न का मयत? मी म्हटलं, तुम्हाला काय लिहायचं ते लिहा, तिचं माझं संपलं. त्यानं लग्न लिहिलं असंल. मी वाचलं न्हाय. तवापासनं कार्डावर तीन नावं.

सप्टेंबरात धैर्यशीलला दवाखान्यात घातला तवा तेच कार्ड काउंटरवर ठेवलं. त्यो तापानं फणफणला होता, बोलत न्हवता. फॉर्म भरणाऱ्या पोरीनं विचारलं, पेशंटला भावंडं किती? कार्ड तिच्या हातात. मी म्हटलं, बघा की, तीनच नावं हायत. तिनं लिहिलं, भावंडं न्हाईत. मला त्या वक्ताला वाईटबी वाटलं न्हाय. पाच वर्षं सगळ्यांना तेच सांगत आलतो, तोंडाला सवय झालती.

आता ऐक, कशासाठी रक्तगट विचारत होतो ते. नुसत्या औषधानं त्याचं भागणार न्हाय. आत्ता आजार दबलाय, पण परत उसळणार म्हणत्यात. त्याच्या आधी हाडातला मगज बदलाय पायजे, जिथं रक्त तयार होतंय तो. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांची तपासणी केली. आई-बापाचं अर्धंच जुळतंय. अर्ध्यावर करता येतं, पण शरीर ते परकं धरतंय, धोका लई. मगज देणाऱ्या बाहेरच्या लोकांच्या यादीत कुणी सापडलं न्हाय. बाईंनी फाईल चाळली आणि म्हटल्या, सख्खा भाऊ-बहीण असता तर सगळ्यात आधी तिथं बघितलं असतं, तुमचं नशीब. मी समोर बसलोतो, सपे. तोंड उघडलं न्हाय. तात्या उठून बाहेर गेले आणि मी गप बसलो. बाईंनी फाईल मिटली.

रक्तगटावर काय नसतंय म्हणे ते, वेगळी तपासणी असती. हे मला नंतर कळलं. मी आपला रक्तगट विचारून, बघू या, परस्पर काय होतंय काय, असं करत होतो. तुला बोलवाय नको आणि पोरगं वाचाय पायजे.

हेबी सांगतो, नंतर फसवली म्हणू नको. बहीण असली तरी जुळंलच असं न्हाय. चौघांत एकाचं जुळतंय.

धैर्यशीलला मी म्हटलं, तू तुझ्या तोंडानं डॉक्टरला सांग, ताई हाय म्हणून. तू सांगितलंस तर माझी मान खाली जाणार न्हाय. त्यो काय म्हटला ऐक. म्हटला, "आई, मी न्हाय सांगणार. तिला तू घालवलीस, तूच आणाय पायजे. आणि रक्तापुरती बोलावणार असशील तर नकोच. ताई आली तर माणूस म्हणून येऊ दे, सलाईनची बाटली म्हणून नको." मी त्याच्या पाया पडलो गं. पोटच्या पोराच्या पाया पडलो. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. तेवढ्यात सिस्टर आली, म्हणून मी उठलो.

शुक्रवारी एसटीत बसून मी कबनूरला आलतो. तुझं घर विचारत विचारत आलो. मागांची खडखड चाललीती, दार उघडं होतं. दोरीवर एक बारका फ्रॉक वाळत होता, पिवळा. मी रस्त्यातच थांबलो. पाच वर्षांत तुला पोर झालं आणि मला म्हाईत न्हाय. दारात जाऊन काय म्हणायचं, बाळ दाखव म्हणू का रक्त दे म्हणू? परत फिरलो. एका बाईनं विचारलं, पावणं, कुणाकडं आलाय? म्हटलं, चुकलो.

ये. माझं तोंड बघू नको, तपासणी करून जा. मी त्या दिवशी दवाखान्यात थांबणारबी न्हाय.

आई

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५
घरातनं

सपे,

पत्र पोचलं काय न्हाय? पोस्टमन वेळेवर येतोय का तिकडं?

आज काय केलं ते लिहितो. सकाळच्या दुधाला संस्थेत गेलो. उदयसिंह आत बिलं काढत बसलता. मी म्हटलं, माईक दे. त्यो म्हटला, काकू, कशाला? मी म्हटलं, दे म्हटलं की. पहिल्यांदा बटण दाबायचंच विसरलो, नुसतंच बोलत होतो. मग त्यानं बटण दाबून दिलं.

मी म्हटलं, "मी शालूबाई चौगले बोलतोय. मला दोन पोरं हायत. मोठी स्वप्नाली, कबनूरला दिली... दिली न्हाय, गेली. ती जिती हाय. धैर्यशील एकुलता एक न्हाय. फ्लेक्सवर ते मी लिहाय लावलं. तुम्ही खोट्यावर दूध घातलंय. ज्याला आपलं परत पायजे त्यानं घरला येऊन सांगावं, मी म्हैस विकून भागवतो."

बाहेर आलो तर रांग तशीच उभी. एक म्हातारं म्हटलं, दवाखान्यात तरी खरं सांगितलंस काय? तेवढंच बोललं. बाकी सगळी आपापल्या किटलीत बघत उभी. मला वाटलं, आता विमला तरी जवळ येईल. आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हटली, "शालू, दोन पोरं असती तर आम्ही दूध घातलं नसतं असं वाटलं व्हय तुला? एवढं हलकं धरलंस गावाला?" आणि गेली. तिचं घर भिंतीला भिंत. सकाळपासनं तिनं दाराची वरची कडीबी काढली न्हाय. दूध परत मागाय मात्र कुणी आलं न्हाय. कुणीतरी यावं, चार शिव्या द्याव्यात, असं मला झालंय.

शुक्रवारी पन्हाळ्याला गेलतो. क्लार्क नवा हाय. म्हटलं, पोरीचं नाव कार्डात परत घाला. त्यो म्हटला, मावशी, लग्न झालेल्या पोरीचं नाव सासरच्या कार्डात असतंय, हितं बसत न्हाय. मी म्हटलं, धान्य नको मला तिच्या नावाचं, नुसतं नाव लिहा. त्यो म्हटला, असं नुसतं नाव लिहायची सोय न्हाय. मी तिथं भांडलो. शिपायानं बाहेर काढलं. कमी कराय किती वेळ लागलाता सांगू? एक अर्ज आणि चहा होईपर्यंतचा टाइम.

दवाखान्यातल्या फाईलवर मात्र झालं. काल डॉक्टरीणबाईंना सांगितलं. मला वाटलंतं ओरडतील. ओरडल्या न्हाईत, पेन काढलं आणि नुसतं म्हटल्या, "पाच महिने, मावशी." एवढंच. भावंडं न्हाईत त्याच्यावर रेघ मारून लिहिलं, बहीण एक, मोठी. त्यांनी ओरडायला पायजे होतं.

धैर्यशीलला सांगितलं, फाईलवर ताईचं नाव चढलं. त्यो म्हटला, तिला बोलावलंस काय? म्हटलं, बोलावलं. कशाला बोलावलंस? मी म्हटलं, येऊ दे की आधी. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं असणार, माझ्या मनात अजून तीच बाटली हाय. मग काय करू? आई हाय मी. आधी त्याचा जीव दिसतोय मला, बाकीचं मागनं. तू आई झालीस न्हवं, तूच सांग, चुकलं माझं?

ये गं. पाया पडतो.

आई

गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५
दवाखाना

सपे,

तू येऊन गेलीस.

मला आज लॅबमधल्या पोरीनं सांगितलं. तपासणीचा कागद आणाय गेलतो तर ती म्हटली, दाता म्हणून तुमच्या मुलीचं सॅम्पल दहा तारखेलाच घेतलंय, रिपोर्ट आला की सांगू. दहा तारखेला! मी त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर त्याला भाताची पेज भरवत होतो. तू खाली रक्त देऊन गेलीस, आणि वर आली न्हाईस. जिना चढायचा होता नुसता.

म्हणजे तिसरं पत्र तुला पोचलं. वाचलंस. मी लिहिलंतं न्हवं, माझं तोंड बघू नको, तपासणी करून जा. तू अगदी तसंच केलंस. लहानपणीबी असंच करायचीस, मी रागानं म्हटलं जेवू नको तर खरंच जेवायची न्हाईस.

त्याला सांगितलं. त्यो डोळे मिटून पडला होता. म्हटला, बाटली देऊन गेली बघ.

रिपोर्टला अजून दहा-बारा दिवस लागणार म्हणत्यात. मी देवाला काय बोलायचं तेबी बंद केलंय, काहीतरी चुकीचं मागून बसंन अशी भीती वाटती. विमला परवा पिशवीतनं भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन दवाखान्यात आली. माझ्याशी बोलली न्हाय. धैर्यशीलच्या उशाला ठेवली आणि एसटीला गेली. तीन भाकऱ्या होत्या, तेव्हा माझ्यासाठीबी असणार.

आई

मंगळवार, ४ मार्च २०२५
दवाखाना

सपे,

जुळलं न्हाय.

काल रिपोर्ट आला. तुलाबी फोन करून कळवलं म्हणाल्या बाई. चौघांत एकाचं जुळतंय, आणि तो एक तू न्हाईस. तुझा काय दोष. ह्यात कुणाचाच दोष न्हाय, आणि पाच महिने आधी कळलं असतं तर यादीत तरी दाता जास्त शोधता आला असता काय, ते मी विचारलं न्हाय. विचारायची छाती झाली न्हाय.

आता अर्ध्या जुळणीवरच करायचं ठरलं. तात्यांना साखर हाय, म्हणून माझाच मगज घेणार. मला सुया चालू होतील. धोका हाय, बाईंनी सगळं समजावून सांगितलं, कागदावर सही घेतली. किती धोका ते तुला लिहीत न्हाय. आकडा ऐकून तात्या खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले न्हाईत. हे परकं धरू नको, एवढंच मी त्याच्या रक्ताला सांगतोय सारखं. मी एकीला परकं धरलं, त्याचं हे फेडायची वेळ माझ्या पोरावर आणू नको, असलं काहीबाही मनात येतंय. बाई म्हणत्यात, मावशी, शरीराला असलं काय कळत नसतंय. बरं हाय, कळत नसलं तर.

रिपोर्ट आल्यावर मी धैर्यशीलला म्हटलं, आता ताईला बोलावतो. त्यो म्हटला, आता कशाला, आता तिचा उपयोग न्हाय. माझ्याकडं रोखून बघत होता. मी म्हटलं, म्हणूनच. मग तो रडाय लागला, सपे. गणपतीपासनं एकदाबी रडला न्हवता. केस गेले तवा न्हाय, काल रिपोर्ट वाचला तवाबी न्हाय. रडत रडतच त्यानं मोबाईल काढला आणि मला फोटो दाखवला. सई नाव हाय म्हणे. तीन वर्षांची. तो पिवळा फ्रॉक तिचाच. दोन वर्षं धैर्यशील पगार झाला की कंपनीतनं परस्पर कबनूरला यायचा, तुमच्या घरात जेवायचा, आणि मला सांगायचा ओव्हरटाइम होता. मीबी म्हणायचो, पोरगं लई कष्ट करतंय. मला राग यायला पायजे होता. आला न्हाय. नाकाखाली तिला त्याच्यासारखाच तीळ हाय.

आता मला तुझ्याकडनं काय नको. रक्त नको, पैसे नको, माफीबी मागत न्हाय. मागितली तर तेबी काहीतरी मागणंच झालं. पहिल्या पत्रात तुझ्याकडं काय मागत न्हाय म्हणून लिहिलंतं, ते खोटं होतं. आता खरंच तसं हाय.

शनिवारी सकाळी त्याला काचेच्या खोलीत नेणार. एकदा आत गेला की महिना-दीड महिना कुणाला सोडत न्हाईत. त्याच्या आधी ये. दुसऱ्या मजल्यावर, जिन्यातनं आलीस की डाव्या हाताला तिसरी खोली. शुक्रवारी सांजेपर्यंत ये. वरदलाबी आण, तात्या खाली गेटवर उभे राहणार हायत, त्यांनी तसं सांगितलंय.

लहान पोराला वर सोडत न्हाईत, धैर्यशीलला जंतूंची भीती. तेव्हा सईला मी खाली बाकड्यावर घेऊन बसतो. तू वर जा, निवांत बस त्याच्यापाशी, घाई करू नको. तिच्यासाठी मी दाण्याची चिक्की आणून ठेवलीय. दात चांगले असले तर देतो, तुला विचारूनच देतो.

ती मला ओळखणार न्हाय. ही बाई कोण म्हणून विचारंल. काय सांगायचं ते तू ठरव. तू सांगशील ते नाव मी लावून घेतो.

आई